‘येतोय’ की ‘आलोय’? जपानी ‘-ते इरु’ मराठीतून कसं ओळखाल

माझ्या शनिवारच्या वर्गातला एक मुलगा तोक्योत नोकरीला लागला. पहिल्याच आठवड्यात त्याला उशीर झाला, म्हणून त्याने स्टेशनवरून वरिष्ठांना फोन केला आणि सांगितलं, ‘इमा किते इमास.’ त्याला म्हणायचं होतं, ‘मी आत्ता येतोय.’ वरिष्ठ उठून दारापर्यंत गेले, कुणीच नाही म्हणून परत फिरले. कारण त्यांनी ऐकलं होतं, ‘मी आलोय.’

पुण्यात जपानीचे वर्ग घेताना मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे : ‘-ते इरु’ म्हणजे क्रिया चालू आहे, की होऊन गेलेली आहे? ‘मिन्ना नो निहोंगो’ या पाठ्यपुस्तकाच्या चौदाव्या धड्यात हे रूप पहिल्यांदा भेटतं, तेव्हा सगळं सोपं वाटतं. वाचतोय, लिहितोय, पाऊस पडतोय. पंधराव्या धड्यात तेच रूप ‘लग्न झालंय’ आणि ‘माहीत आहे’ असं होऊन येतं आणि कपाळाला आठी पडते. एकोणतिसाव्यात ‘खिडकी बंद आहे’, तिसाव्यात ‘-ते आरु’ आणि ‘-ते ओकु’. मग मंडळी चार धड्यांची चार सूत्रं पाठ करतात आणि तोंड उघडायची वेळ आली की नेमकं चुकीचं सूत्र बाहेर काढतात.

पाठांतर कमी पडतं असं मला वाटत नाही. मध्ये इंग्रजी येते, तिथे सगळं बिनसतं.

(लेखात जपानी शब्द देवनागरीत लिहिले आहेत. शेवटचा ‘मासु’ कानाला ‘मास’ असाच लागतो, म्हणून तसाच लिहिला आहे. ‘ऽ’ दिसला की आधीचा स्वर लांबवा.)

आधी ‘आयएनजी’ विसरा

आपण जपानी शिकतो ते बहुतेक इंग्रजी टिपणांच्या आधारे. ‘-ते इरु’समोर ‘आयएनजी’ लिहिलेलं असतं, ते डोक्यात पक्कं बसतं आणि पुढे पाच वर्षं छळतं.

त्याऐवजी रूप सुटं करून बघा. ‘-ते’ म्हणजे आपलं ‘-ऊन’. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन, ‘काइते’ म्हणजे लिहून, ‘योन्दे’ म्हणजे वाचून. ‘इरु’ म्हणजे असणे. तेव्हा ‘-ते इरु’ म्हणजे शब्दशः ‘-ऊन असणे’. आणि हे मराठीत आहेच की. मांजर दबा धरून आहे. पोलीस लक्ष ठेवून आहेत. आजोबा सकाळपासून वाट बघत दारात बसून आहेत. ‘बसून आहेत’ म्हणजे बसण्याची हालचाल चालू आहे, असं कुणी मराठी माणूस समजत नाही. बसणं होऊन गेलं, आता बसलेल्या अवस्थेत आहेत. जपानी ‘सुवात्ते इमास’ म्हणजे बरोबर हेच.

जोडीला मराठीत दोन वेगळी रूपंही आहेत : ‘-तो आहे’ (वाचतोय) आणि ‘-ला आहे, -लेला आहे’ (बसलाय, बसलेला आहे). जपानीने या दोन्ही कामांना एकच माणूस ठेवलाय. त्यातलं कोणतं काम चाललंय, हे मुख्यतः क्रियापदाच्या स्वभावावरून ठरतं.

क्रियापदाला एकच प्रश्न विचारा

ही क्रिया चालत राहते, की क्षणात होऊन जाते?

कसोटी सोपी आहे. क्रियापदामागे ‘अर्धा तास’ लावा. अर्धा तास वाचलं, अर्धा तास चाललो, अर्धा तास रडलं. जमतं. अर्धा तास मेला? अर्धा तास दिवा विझला? अर्धा तास लग्न झालं? (लग्नाचा सोहळा चालेल तीन दिवस. पण ‘अविवाहित’चा ‘विवाहित’ होण्याला वेळ लागत नाही.) इथे ‘अर्धा तास’ बसत नाही.

* चालत राहणाऱ्या क्रिया – योमु (वाचणे), काकु (लिहिणे), ताबेरु (खाणे), हानासु (बोलणे), मात्सु (वाट बघणे), आरुकु (चालणे), नाकु (रडणे), फुरु (पाऊस पडणे). यांचं ‘-ते इमास’ म्हणजे सहसा ‘-तोय’. ‘आमे गा फुत्ते इमास’ : पाऊस पडतोय.
* होऊन जाणाऱ्या क्रिया – शिनु (मरणे), आकु (उघडणे), शिमारु (बंद होणे), त्सुकु (दिवा लागणे), किएरु (विझणे), ओचिरु (खाली पडणे), तोमारु (थांबणे), सुवारु (बसणे), तात्सु (उभे राहणे), नारु (बनणे), हाजिमारु (सुरू होणे), ओवारु (संपणे), इकु (जाणे), कुरु (येणे), काएरु (परतणे). यांचं ‘-ते इमास’ म्हणजे ‘-लाय, -लेला आहे’. ‘साइफु गा ओचिते इमास’ : पाकीट पडलंय. हवेतून खाली येणारं पाकीट इथे कुणालाही दिसत नाही, ते फरशीवर पडलेलं आहे.

भाषातज्ज्ञ किन्दाइचि हारुहिको यांनी १९५० साली जपानी क्रियापदांचे चार गट पाडले, ते याच ‘-ते इरु’च्या कसोटीवर. वरचे दोन त्यांतलेच. तिसरा गट ‘-ते इरु’ घेतच नाही : आरु आणि इरु, म्हणजे ‘असणे’ स्वतः. ‘आत्ते इमास’ असं कधी म्हणू नका. चौथा गट गमतीचा आहे, त्यातली क्रियापदं वाक्याच्या शेवटी जवळजवळ नेहमी ‘-ते इरु’ लावूनच येतात. ‘यामा गा सोबिएते इरु’ : डोंगर उभा ठाकलाय. तो आधी बसला होता आणि मग उठला, असं कुणी विचारू नये. निर्णय घ्यायला एवढी मीमांसा पुरे.

मराठी हात देते ती ठिकाणं

इंग्रजीतून आलात तर खालची वाक्यं एकेक करून पाठ करावी लागतात. मराठीतून आलात तर ती आपोआप बसतात. हे मी वर्गात पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं, तेव्हा एक आजी (वय ६८, नातवंडं ओसाकात) मोठ्याने हसल्या होत्या. ‘अहो, हे तर आपलंच!’

* ओनाका गा सुइते इमास – भूक लागली आहे. (शब्दशः ‘पोट रिकामं झालेलं आहे’.)
* नोदो गा कावाइते इमास – घसा सुकलाय, म्हणजे तहान लागलीय.
* त्सुकारेते इमास – थकलोय.
* केक्कोन शिते इमास – लग्न झालंय.
* कुमोत्ते इमास – आभाळ आलंय.
* यासेते इमास – वाळलाय, बारीक आहे.
* ओबोएते इमास – लक्षात राहिलंय.
* हाहा नि निते इमास – आईवर गेलीय.

शेवटचं वाक्य मला फार आवडतं. ‘निरु’ म्हणजे सारखं दिसणे. जपानी माणूस ते नेहमी ‘-ते इरु’त म्हणतो आणि आपण ‘आईवर जाते’ न म्हणता ‘आईवर गेलीय’ म्हणतो. दोन भाषा एकमेकींना कधी न भेटता एकाच वळणाने गेल्या.

कपड्यांचंही तसंच. साडी नेसणे, फेटा बांधणे, टोपी घालणे, चष्मा लावणे अशी वेगळी क्रियापदं आपल्याला सवयीची आहेत. जपानीतही अंगावरच्या कपड्याला ‘किरु’, पायातल्याला ‘हाकु’, डोक्यावरच्याला ‘काबुरु’, चष्म्याला ‘काकेरु’. ‘मेगाने ओ काकेते इमास’ : चष्मा लावलाय. लावण्याची हालचाल डोळ्यांसमोर चालू असेल, तेव्हा जपानी माणूस बहुधा ‘-ते इरु तोकोरो’ वापरून गोंधळ टाळतो. कपडे बदलत असताना दारावर थाप पडली, तर म्हणायचं ‘इमा किगाएते इरु तोकोरो देस’.

मराठी दगा देते ती ठिकाणं

आता खरी काळजी इथे घ्या. मराठीवर विसंबून चालताना पाच ठिकाणी पाय घसरतो.

१. येतोय, जातोय. आपण वाटेत असताना बिनधास्त ‘येतोय’ म्हणतो. जपानीत ‘कुरु’, ‘इकु’, ‘काएरु’ या होऊन जाणाऱ्या क्रिया आहेत, म्हणून ‘किते इमास’ म्हणजे आलोय, ‘इत्ते इमास’ म्हणजे गेलाय आणि तिथेच आहे. ‘आनि वा तोऽक्योऽ ए इत्ते इमास’ : दादा तोक्योला गेलाय, घरी नाही. वाटेत असाल तर ‘इमा मुकात्ते इमास’ (तिकडेच निघालोय) म्हणा, नाहीतर सरळ ‘इमा इकिमास’. इथे आणखी एक गंमत. ऐकणाऱ्याकडे जायचं असेल तरी जपानी माणूस ‘जातो’ म्हणतो. आपण घरातून बाहेर पडतानाही ‘येतो’ म्हणतो. दोघांची टोकं अगदी विरुद्ध, त्यामुळे फोन हातात घेण्यापूर्वी हे एक वाक्य तयार ठेवा.

२. जेवलो नाही. ‘जेवलात का?’ याला आपण ‘नाही, अजून जेवलो नाही’ म्हणतो आणि त्याचं थेट ‘मादा ताबेमासेन देशिता’ करून मोकळे होतो. ते चूक. ‘मादा’ म्हटलं की पुढे ‘-ते इमासेन’ हवं : ‘मादा ताबेते इमासेन’. जेवण झाल्याची अवस्था अजून आलेली नाही, असा भाव. ‘ताबेमासेन देशिता’ म्हणजे तो प्रसंग संपला, तेव्हा मी जेवलोच नाही. ही चूक जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत तिसऱ्या पातळीपर्यंत पोचलेले लोकही करतात.

३. राहतो, करतो. ‘मी पुण्यात राहतो’ हे मराठीत साधं वर्तमान. जपानीत ‘पुने नि सुन्दे इमास’. ‘मी बँकेत काम करतो’ : ‘गिन्कोऽ दे हाताराइते इमास’. ‘रोज सकाळी धावतो’ यालाही ‘माइआसा हाशित्ते इमास’ चालतं. नोकरी, पत्ता, शिक्षण, रोजची सवय – आयुष्यात सध्या चालू असलेल्या गोष्टी ‘-ते इमास’त घाला. ‘सुमिमास’ म्हणालात तर पुढे कधीतरी राहणार आहात, असं ऐकू जाईल.

४. माहीत नाही. ‘शिरु’ म्हणजे कळणे. ‘शित्ते इमास’ म्हणजे कळलेलं आहे, अर्थात माहीत आहे. इथवर ठीक. पण नकार मात्र ‘शिरिमासेन’. ‘शित्ते इमासेन’ नाही. याचं कारण शोधत बसू नका, तोंडात बसवा. आणि ‘वाकात्ते इमास’ जपून वापरा. व्याकरण बरोबर असतं, पण वरिष्ठांनी काही समजावल्यावर ते म्हणालात, तर ‘माहितीये हो, सांगायला नको’ असा सूर लागतो. तिथे ‘वाकारिमाशिता’ म्हणावं.

५. उघडलंय. हे सर्वांत चिवट. त्याला वेगळा मथळा द्यावा लागेल.

दिवा लागलाय, दिवा लावून ठेवलाय

मराठीत पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या आहेत. पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. जपानीतही अशाच जोड्या आहेत आणि पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो. अडचण एवढीच की काही ठिकाणी मराठी दोन्हींना एकच शब्द वापरते. दार उघडलं, आणि मी दार उघडलं. कोणतं ‘उघडणे’? जपानीत मात्र ‘आकु’ वेगळं, ‘आकेरु’ वेगळं. म्हणून उघडण्याचा नाद सोडा आणि दिव्याचं उदाहरण धरा, तिथे मराठी स्वच्छ बोलते : लागणे, लावणे.

माझ्या वर्गखोलीत दाराशेजारी एक जुनी ट्यूब आहे. मी तिच्याकडे बोट दाखवून तीन वाक्यं म्हणून घेते.

* देन्की गा त्सुइते इमास – दिवा लागलेला आहे. जे दिसतंय ते सांगितलं. कुणी लावला, का लावला, याच्याशी देणंघेणं नाही.
* देन्की गा त्सुकेते आरिमास – दिवा लावून ठेवलेला आहे. कुणीतरी, काहीतरी कारणाने. कदाचित उशिरा येणाऱ्यांसाठी.
* देन्की ओ त्सुकेते ओकिमास – दिवा लावून ठेवते. मी आत्ता करणार आहे, पुढच्या सोयीसाठी.

‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘-ते ओकु’ म्हणजे ‘-ऊन ठेवणे’. एक अक्षरही इकडचं तिकडे करावं लागत नाही. पाणी भरून ठेवा, भाजी चिरून ठेवा, तिकीट काढून ठेवा हे आपण दिवसभर म्हणतो आणि यातल्या प्रत्येकाला ‘-ते ओकु’ लागतं. ‘तसंच राहू द्या’ यालासुद्धा : ‘सोनो मामा नि शिते ओइते कुदासाइ’. ज्यांना इंग्रजीतून ‘पूर्वतयारीचं रूप’ असं शिकवलं जातं, त्यांची मला कीव येते.

‘-ते इरु’ आणि ‘-ते आरु’ यांत निवड करताना स्वतःला विचारा : मला नुसती अवस्था सांगायची आहे, की त्यामागचा हात दाखवायचा आहे? उकाड्यात तुम्ही मुद्दाम खिडकी उघडली आणि कुणीतरी ती लावायला उठलं, तर ‘आइते इमास’ म्हणून उपयोग नाही, उघडी आहे हे त्यालाही दिसतंय. ‘आकेते आरु न देस’ म्हणा : उघडून ठेवलीय हो, राहू द्या. उलट वाऱ्याने आपटून उघडलेल्या खिडकीला ‘आकेते आरिमास’ म्हणाल तर ऐकणारा विचारेल, कुणी उघडली?

पाठ करायच्या जोड्या थोड्याच आहेत, दहा-बारा झाल्या की रोजचं काम भागतं :

* आकु – आकेरु (उघडणे)
* शिमारु – शिमेरु (बंद होणे, करणे)
* त्सुकु – त्सुकेरु (लागणे, लावणे)
* किएरु – केसु (विझणे, विझवणे)
* ओचिरु – ओतोसु (पडणे, पाडणे)
* तोमारु – तोमेरु (थांबणे, थांबवणे)
* हाइरु – इरेरु (आत जाणे, घालणे)
* कोवारेरु – कोवासु (मोडणे, मोडून टाकणे)
* वारेरु – वारु (फुटणे, फोडणे)
* काकारु – काकेरु (कुलूप लागणे, लावणे)

नियम असा : जोडीतलं पहिलं ‘-ते इरु’कडे जातं, दुसरं ‘-ते आरु’ आणि ‘-ते ओकु’कडे. दुसऱ्याला ‘-ते इरु’ लावलंत (‘दोआ ओ शिमेते इमास’) तर प्रसंगानुसार ‘दार लावतोय’ किंवा ‘मी दार बंद ठेवतो’ असं होतं. नुसतं ‘दार बंद आहे’ म्हणायला ते वापरू नका.

नकार : यंत्र बंद आहे की बिघडलंय?

ही चूक माझी स्वतःची आहे. दुभाषी म्हणून सुरुवातीच्या काळात मी एका कारखान्यात गेले होते. जेवणाची सुट्टी, सगळी यंत्रं बंद. जपानी अभियंत्याने दुरून विचारलं, तिसऱ्या यंत्राचं काय? मी म्हणाले, ‘उगोकिमासेन.’ तो हातातला डबा तसाच टाकून हत्यारांची पेटी घेऊन धावत आला. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं.

* उगोइते इमासेन – चालू नाही. बंद आहे, एवढंच.
* उगोकिमासेन – चालत नाही. काही केलं तरी हलेना.
* आइते इमासेन – उघडं नाही. दुकान अजून उघडायचंय.
* आकिमासेन – उघडत नाही. दार जाम झालंय.

जपानी कंपन्यांशी काम पडणाऱ्या प्रत्येकाने या चार ओळी वहीच्या पहिल्या पानावर लिहाव्यात.

कचेरीतली आणि फोनवरची वाक्यं

आपल्या माणसाबद्दल बाहेरच्याशी बोलताना ‘इमास’च्या जागी नम्र ‘ओरिमास’ येतं. रूप बदललं तरी वरची कसोटी तीच राहते.

* ‘तानाका वा इमा देते ओरिमास’ – तानाका बाहेर गेलेले आहेत. (‘बाहेर पडतायत’ असं समजून ‘थांबवा त्यांना’ म्हणू नका. आपल्या माणसाला इथे ‘सान’ लागत नाही, हेही बघून ठेवा.)
* ‘सेकि ओ हाझुशिते ओरिमास’ – जागेवर नाहीत.
* ‘ओमाचि शिते ओरिमास’ – वाट बघतोय. ही चालत राहणारी क्रिया, म्हणून ‘-तोय’.
* ‘काइगि गा हाजिमात्ते इमास’ – मीटिंग सुरू झालेली आहे. ‘सुरू होतेय, चहा घेऊन येतो’ असा अर्थ काढलात, तर दार उघडून सगळ्यांसमोर आत शिरावं लागेल.

आणि मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी एक : भूतकाळ लावताना सांभाळा. ‘केक्कोन शिते इमास’ म्हणजे लग्न झालंय. ‘केक्कोन शिमाशिता’ म्हणजे लग्न केलं, ती घटना. पण ‘केक्कोन शिते इमाशिता’ म्हणालात तर समोरचा समजेल की लग्न झालेलं होतं, आता ते राहिलेलं नाही. संसार सुखाचा असेल तर हे रूप टाळा.

ऐकताना काय गळतं

बोलण्यात ‘-ते इरु’चा ‘इ’ पडतो : ‘ताबेतेरु’, ‘शित्तेरु’. ‘-ते ओकु’चं ‘-तोकु’ होतं : ‘यात्तोकु’ म्हणजे ‘करून ठेवतो’. आपण ‘आला आहे’चं ‘आलाय’ करतो, तसंच हे. ‘-ते आरु’ मात्र सहसा आखडत नाही, ‘काइते आरु’ पूर्ण ऐकू येतं. कानाला ‘आरु’ लागला की मागे कुणाचातरी हात आहे, एवढं धरून चाला.

ओकायामा, हिरोशिमा, शिकोकु, क्यूशू या पश्चिमेकडच्या भागांत जाणार असाल तर आणखी एक मजा ऐकू येईल. तिथल्या बोलींनी ही दोन कामं वेगळी ठेवली आहेत. साकुराची फुलं ‘चिरियोरु’ म्हणजे गळतायत, ‘चित्तोरु’ म्हणजे गळलीयत, खाली सडा पडलाय. प्रमाण जपानीत दोन्हींना ‘चित्ते इरु’. पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानाला ज्या ओकायामाचं नाव जोडलेलं आहे, ते हेच. म्हणजे व्याकरणाच्या या एका मुद्द्यावर ओकायामाची आजी आणि पुण्याची आजी एकीकडे, पाठ्यपुस्तक दुसरीकडे.

परीक्षेपुरतं

जेएलपीटीत पर्याय निवडायचे असतात, लिहायचं-बोलायचं काही नसतं. त्यामुळे अर्थात अडकलात तर प्रत्ययाकडे बघा :

* ‘ओ’ आहे आणि शेवटी ‘इमास’ – कुणीतरी काहीतरी करतंय, किंवा अंगावर घातलंय.
* ‘गा’ आहे, क्रियापद आपोआप होणारं – ‘-ते इमास’.
* ‘गा’ आहे, क्रियापद कुणीतरी करणारं, आणि करणारा वाक्यात नाही – ‘-ते आरिमास’.
* ‘मादा’ आहे आणि उत्तर नकारी – ‘-ते इमासेन’.
* तीन वर्षांपूर्वी, दोनदा अशी जुनी नोंद सांगितली आहे आणि तरी ‘-ते इमास’ दिसतंय – घाबरू नका. ‘ते पुस्तक मी वाचलेलं आहे’ असा तो खात्यावर जमा असलेला अनुभव असतो.

घरी करायचा सराव

स्वयंपाकघरात उभे राहा आणि दिसेल त्याचं वर्णन करा. कागदावर नको, मोठ्याने. आधी मराठीत, मग जपानीत, मध्ये इंग्रजी येऊ देऊ नका. फ्रिजचं दार बंद आहे : शिमात्ते इमास. आत दूध ठेवलेलं आहे : इरेते आरिमास. गॅस विझलाय : किएते इमास. भिंतीवर कालनिर्णय टांगून ठेवलंय : काकेते आरिमास. कप फुटलाय : वारेते इमास. घरातलं कुणी विचारलं, ‘कुणी फोडला?’ तर ‘वारिमाशिता’ म्हणून कबूल व्हा. तिथे ‘-ते इरु’च्या आड लपता येतं खरं, आणि जपानी माणसंही लपतात.

आठवडाभर रोज पाच वाक्यं पुरतील. आणि पुढच्या तासाला शिक्षकांना ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका. ‘ही क्रिया चालत राहते की होऊन जाते?’ असं विचारा. उत्तर एका शब्दात मिळेल आणि तुम्हाला तेवढंच हवं असतं.